दलदलीचं नाव, शेवाळाचं नाव

मे १९८३. इंग्लंडच्या चेशर परगण्यात, विल्म्सलो गावाजवळ लिंडो मॉस नावाच्या जागी यंत्राने पीट, म्हणजे दलदलीतला काळा थर, काढायचं काम चालू होतं. पट्ट्यावरून सरकणाऱ्या काळ्या लगद्यात कामगारांना एक गोल वस्तू दिसली. फुटका फुटबॉल असावा असं वाटून त्यांनी ती धुतली, तर निघाली माणसाची कवटी. तिला केस आणि कातडी अजून चिकटलेली होती. पोलीस आले. तिथल्याच एका जुन्या रहिवाशाची बायको वीसेक वर्षांपूर्वी बेपत्ता झाली होती आणि संशय त्याच्यावरच होता. कवटी सापडल्याचं कळताच त्याने खून कबूल केला आणि प्रेत तिथेच पुरल्याचंही सांगितलं. मग ऑक्सफर्डहून कालमापनाचा निकाल आला: कवटी रोमन काळातली, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची! त्याने जबाब फिरवून पाहिला, पण कबुली भोवली आणि जन्मठेप झाली. बायकोचे अवशेष काही मिळाले नाहीत.

पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९८४ रोजी, त्याच पीटमधून एक पाऊल बाहेर आलं आणि पाठोपाठ एका तरुणाचं धड. हाही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या कातरलेल्या दाढीचे केस मोजता येत होते, नखं नीट राखलेली दिसत होती, पोटात शेवटच्या जेवणातल्या धान्याचे कण होते. हा ‘लिंडो मॅन’ आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पुरातत्त्ववाल्यांना त्याच्या खुनाचं कोडं महत्त्वाचं वाटतं. या लेखाला मात्र जागेच्या नावातला दुसरा शब्द हवा आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना मॉस भेटतं ते नववी-दहावीच्या जीवशास्त्रात, ब्रायोफायटा गटातलं फ्युनारिया म्हणून. आणि बाहेर पावसाळ्यात, जांभ्याच्या कुंपणावर आणि विहिरीच्या काठावर हिरवी लव होऊन. त्या ओळखीवर विसंबून ‘लिंडो मॉस’ म्हणजे जिथे शेवाळ उगवतं ती जागा, असा अर्थ कुणीही लावेल. चेशर, लँकेशर किंवा स्कॉटलंडच्या माणसाला तो अर्थ अपुरा वाटेल. तिकडे मॉस म्हणजे थेट दलदलच. मॉसवर चालता चालता माणूस कमरेपर्यंत रुततो, मॉसमधून जळण खणून आणतात, मॉसवर एका लढाईचा निकाल लागला. मँचेस्टरचं मॉस साइड हे उपनगर अशाच एका दलदलीच्या कडेला वाढलं.

दोनांपैकी आधीचा अर्थ कोणता? लिखित इंग्रजीपुरतं बोलायचं तर दलदलीचा. जुन्या इंग्रजीत ‘मोस’ म्हणजे दलदल. वनस्पतीसाठी त्याच मुळातून आलेला ‘मेओस’ हा वेगळा शब्द होता. चौदाव्या शतकाच्या सुमाराला ‘मोस’ने वनस्पतीचा अर्थही अंगावर घेतला आणि ‘मेओस’ हळूहळू मागे पडला. पण इंग्रजीबाहेर पाहिलं की हा क्रम टिकत नाही. जुन्या नॉर्समध्ये ‘मोसी’ हा एकच शब्द शेवाळालाही होता आणि दलदलीलाही. लॅटिन ‘मुस्कुस’ आणि रशियन ‘मोख’ हे लांबचे भाऊबंद फक्त वनस्पतीबद्दल बोलतात. लिथुआनियन भाषेत त्याच घरातला शब्द बुरशीसाठी गेला. इंग्रजीत चिखलाला ‘मायर’ म्हणतात. तोही नॉर्समधून आलेला, याच मुळाचा. सगळ्यांच्या तळाशी ओल आहे, एवढंच खात्रीने म्हणता येतं. त्या ओलीतून एखाद्या भाषेने झाड उचललं, एखादीने जमीन आणि काहींनी दोन्ही.

स्वीडिश लोकांनी शेवटच्या अक्षरावर काम भागवलं: ‘मोसा’ म्हणजे शेवाळ, ‘मोसे’ म्हणजे दलदल. डॅनिशमध्ये वनस्पती ‘मोस’ आणि दलदल ‘मोसे’. १९५० साली डेन्मार्कमध्ये सिल्केबोर्गजवळ पीट खणताना टोलुंड मॅन सापडला. गळ्यात फास, डोक्यावर चामड्याची टोपी, चेहऱ्यावर इतकी शांतता की ज्यांना तो सापडला त्यांनी ताजा खून समजून पोलिसांना बोलावलं. तो निघाला इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकातला. पी. व्ही. ग्लोब या पुरातत्त्वज्ञाने अशा माणसांवर १९६५ साली जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘मोसेफोल्केत’, म्हणजे ‘दलदलीची माणसं’. नुसता शब्दकोश घेऊन बसणाऱ्याला तीच माणसं शेवाळाची वाटू शकतात, आणि त्याचं फारसं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

कारण ही दलदल पाण्याने जेवढी घडते, तेवढीच एका शेवाळाने घडते. त्याचं नाव स्फॅग्नम. मॉसच्या जगात सुमारे बारा हजार जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या गरीब स्वभावाच्या: मुळं नाहीत, पाणी वाहून नेणाऱ्या पक्क्या नळ्या नाहीत, फूल नाही, बी नाही. स्फॅग्नम मात्र जागा बळकावणारं आहे. त्याच्या पानात हिरव्या जिवंत पेशींच्या जाळीमध्ये मोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात. त्यांच्या भिंतींना भोकं असतात आणि आतून कड्यांचा आधार असतो. पाऊस पडला की पाणी या कोठ्यांत शिरतं आणि तिथेच राहतं. वाळलेल्या स्फॅग्नमच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी त्यात मावतं. शिवाय ते पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे आयन स्वतःकडे ओढून बदल्यात हायड्रोजन सोडतं, त्यामुळे भोवतालचं पाणी आम्ल होत जातं. इतर झाडांना ते मानवत नाही. स्फॅग्नमला मानवतं.

वरचं टोक वाढत राहतं, खालचा भाग अंधारात मरतो. पण मेलेला भाग नीट कुजत नाही, कारण त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, थंडी असते, आम्ल असतं. असा न कुजलेला थर म्हणजे पीट. त्याची जाडी वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. हजार वर्षांत एक मीटर, पाच-सहा हजार वर्षांत दुमजली घराएवढी. त्यातून एक चमत्कारिक जमीन तयार होते: भोवतालच्या शेतांपेक्षा उंच असलेली दलदल. आपल्याकडे पाणथळ म्हटलं की खोलगट जागा डोळ्यांपुढे येते. लँकेशरचे मॉस मात्र घुमटासारखे फुगून वर आलेले असत आणि केवळ पावसाच्या पाण्यावर जगत. भूगर्भातलं पाणी तिथवर पोचतच नाही.

लिंडो मॅनची कातडी टिकली तीही या शेवाळामुळेच. स्फॅग्नमच्या पेशीभित्तिकेतून सुटणारी एक बहुशर्करा प्रथिनांशी जोडली जाते आणि कातडी चक्क कमावली जाते. त्याच आम्लात हाडांमधलं कॅल्शियम विरघळून जातं. म्हणून दलदलीतली माणसं सापडतात ती चामड्याच्या पिशवीसारखी चपटलेली, लालसर केसांची, आतून हाडं मऊ पडलेली. कोरड्या जमिनीत कातडी जाते आणि हाडं राहतात. इथे बरोबर उलटं.

जमीन घडवणाऱ्या वनस्पतीचं नाव जमिनीला मिळालं, हे आता स्वाभाविक वाटतं. तरी हा हिशेब सगळीकडे लावू नये. म्युनिकचा विमानतळ १९९२ साली शहराबाहेर एर्डिंगर मोस इथे हलला. त्याच बाजूला डाखाउअर मोस आहे, फ्रायजिंगर मोस आहे. बव्हेरियात ‘मोस’ म्हणजे कुठलीही दलदल, आणि या तिन्ही मुळात भूजलावर पोसलेल्या, लव्हाळ्या-गवतांच्या. स्फॅग्नमचं राज्य तिथे नव्हतं. म्हणजे शब्द एकदा जमिनीला चिकटला की झाडाची हजेरी कुणी घेत नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर तर मॉस हे लपायचं ठिकाण होतं. २४ नोव्हेंबर १५४२ रोजी सॉलवे मॉस इथे स्कॉटिश सैन्य एस्क नदी आणि दलदल यांच्या कात्रीत सापडलं. लढाईत मेले थोडे, बुडाले आणि पकडले गेले जास्त. तीन आठवड्यांत राजा पाचवा जेम्स वारला आणि त्याची सहा दिवसांची मुलगी मेरी स्कॉटलंडची राणी झाली. पुढच्या शतकात याच भागातल्या लुटारू टोळ्यांना ‘मॉस-ट्रूपर’ म्हणत. दलदलीतल्या घट्ट जमिनीच्या वाटा त्यांना पाठ, पाठलाग करणाऱ्या घोडेस्वारांना नाहीत. त्यांचा उपद्रव इतका की १६६२ साली इंग्लंडच्या संसदेने त्यांच्याविरुद्ध वेगळा कायदा केला.

अठराव्या शतकातल्या सुधारकांना मात्र मॉस म्हणजे वाया गेलेली शेतजमीन वाटू लागली. हेन्री होम, म्हणजे लॉर्ड केम्स, हा एडिंबरचा न्यायाधीश आणि तत्त्वज्ञ. १७६६ साली त्याच्या बायकोला स्टर्लिंगजवळची ब्लेअर ड्रमंडची जहागीर वारशाने मिळाली. तिच्यात मोठा भाग दलदलीचा, माणसाच्या उंचीहून जाड पीटचा, पण खाली सुपीक माती. केम्सने ठरवलं की पीट खणून पाण्यावर सोडायचं आणि फोर्थ नदीत वाहून घालवायचं! डोंगराळ मुलखातली गरीब कुटुंबं आणून त्यांना लांब मुदतीच्या पट्ट्यावर तुकडे दिले, पहिली काही वर्षं खंड माफ. ते लोक पीटमध्येच घर कोरत, चर काढत आणि तुकडे पाण्यात लोटत. पुढे केम्सच्या मुलाने वरच्या चरांना पाणी पुरवण्यासाठी रहाटासारखं मोठं चाक बसवलं. या कुळांना शेजारीपाजारी ‘मॉस-लेअर्ड’ म्हणत. लेअर्ड म्हणजे जमीनदार. चिखलाचे जमीनदार असा टोमणा त्यात होता. केम्सचा हिशेब पक्का होता, फक्त नदीच्या खालच्या अंगाच्या मासेमारांना त्याने विचारलं नव्हतं. वाहून आलेल्या पीटने पाणी काळं पडलं, कालवांची आणि माशांची खराबी झाली, तक्रारी वाढल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा उद्योग थांबला. तोवर घडीव शेतं तयार झाली होती.

मँचेस्टरजवळच्या चॅट मॉसची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा मार्ग त्यावरून जायचा होता. काही ठिकाणी पीट तीस फुटांहून खोल. १८२५ साली संसदीय समितीपुढे फ्रान्सिस जाइल्स या अभियंत्याने साक्ष दिली की शहाणा अभियंता या वाटेला जाणार नाही, आणि गेलाच तर त्या टप्प्याला दोन लाख सत्तर हजार पौंड पडतील. जॉर्ज स्टीफनसनने आधी भराव टाकून पाहिला. टाकलेली माती आठवडेच्या आठवडे गिळली जात होती, वर काही दिसेना. अखेर त्याने मॉसशी भांडण सोडून दिलं. झुडपांच्या फांद्या आणि हेदर नावाचं खुरटं झुडूप यांच्या विणलेल्या चटया पसरून त्यांवर रूळ टाकले, म्हणजे रेल्वे जवळपास तरंगतच ठेवली. पाणी काढायला रिकामी पिंपं एकापुढे एक ठेवून नळ केले. खर्च आला सुमारे अठ्ठावीस हजार पौंड. १५ सप्टेंबर १८३० रोजी हा मार्ग सुरू झाला आणि त्यावरून आजही गाड्या धावतात. याच जॉर्जचा मुलगा रॉबर्ट पुढे मुंबई-ठाण्याची गाडी सोडणाऱ्या जीआयपी कंपनीचा सल्लागार अभियंता होता.

इकडे जमिनीचे हाल चालू असताना वनस्पतीच्या अर्थाचीही ओढाताण चालली होती. अठराव्या शतकापर्यंत युरोपात मॉस म्हणजे जे जे लहान, बुटकं, ओलसर आणि बिनफुलांचं, ते सगळं. ऑक्सफर्डमधला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योहान याकोब डिलेनियस याने १७४१ साली ‘हिस्टोरिया मुस्कोरुम’ हा ग्रंथ काढला. नाव मॉसचं, आत मॉसबरोबर शैवलं, लिव्हरवर्ट, क्लबमॉस आणि दगडावरचे शैवाकही. गोड्या मसाल्यात पडणारं आपलं दगडफूल हा शैवाकच, म्हणजे बुरशी आणि शैवल यांची भागीदारी. डिलेनियसच्या हाती ते पडलं असतं तर त्याने ते बिनदिक्कत याच पुस्तकात घातलं असतं.

सूक्ष्मदर्शक घेऊन हा गोंधळ निस्तरला तो लाइपझिगच्या योहान हेडविगने. डॉक्टरकी सांभाळून, पहाटे भटकून गोळा केलेल्या मॉसमध्ये त्याने नर आणि मादी अवयव ओळखले. त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८०१ साली निघाला. मॉसच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात आजही त्याच ग्रंथापासून, १ जानेवारी १८०१पासून, धरली जाते. अपवाद एकाच कुळाचा, स्फॅग्नमचा. त्याची नावं लिनीयसच्या १७५३च्या ग्रंथापासून मोजतात. दलदल उभी करणारं हे झाड नियमांच्या वहीतही आपलं वेगळेपण राखून आहे.

बाजारातली नावं मात्र हेडविगला जुमानत नाहीत. इंग्रजीतलं स्पॅनिश मॉस हे अमेरिकेतल्या झाडांवर लोंबणारं अननसाच्या कुळातलं फुलझाड आहे. आयरिश मॉस हे लाल समुद्री शैवल; त्यातून काढलेलं कॅरागीनन आइस्क्रीमला दाटपणा आणायला वापरतात. रेनडिअर मॉस आणि आइसलँड मॉस दोन्ही शैवाक. अत्तरवाल्यांचं ओकमॉसही शैवाकच. एवढ्या यादीत खरं मॉस एकही नाही!

मराठीची तऱ्हाही वेगळी नाही, फक्त आपण उलट दिशेने आलो. ‘शेवाळ’ हा संस्कृत ‘शैवल’, ‘शैवाल’चा वंशज, ऋग्वेदात तो ‘शीपाल’ असा येतो आणि तिथे तो पाण्यातल्या वनस्पतीसाठी आहे. तळ्यावरचा तो हिरवा पदर मराठीत येता येता विहिरीच्या पायरीवर, कौलांवर, किल्ल्याच्या तटावर चढला. आज पाय घसरवणारं आणि कपड्याला हिरवा डाग पाडणारं सगळंच शेवाळ. पारिभाषिक मराठीने शैवल, शैवाक, हरिता अशी वाटणी करून ठेवली आहे, पण ती परीक्षेपुरती. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकेत ‘मॉस स्टिक’ मागितली की मनी प्लांट चढवायला जी काठी मिळते, तिच्याभोवती बहुधा नारळाचा काथ्या गुंडाळलेला असतो. शेजारच्या गोणीतल्या काथ्याच्या भुशाला ‘कोकोपीट’ म्हणतात. दोन्ही नावांत उत्तर युरोपची दलदल आहे आणि दोन्ही वस्तूंत नारळ. पीट खणून दलदली उजाड करण्यापेक्षा हा फसवेपणा कितीतरी बरा.

इंग्रजीत आडनावाच्या ‘मॉस’ला आणखी एक फाटा आहे. काहींचे पूर्वज दलदलीकाठी राहत म्हणून ते मॉस झाले. काहींच्या घराण्यात मोझेस या नावाचं मॉस झालं. शर्यतपटू स्टर्लिंग मॉसचे ज्यू आजोबा या दुसऱ्या वाटेचे. जर्मन बोलीत ‘मोस’ म्हणजे पैसाही. तो हिब्रूतल्या नाण्यांच्या शब्दावरून चोरांच्या बोलीतून आला, त्याचा ना झाडाशी संबंध ना दलदलीशी.

पहिल्या महायुद्धात वनस्पती आणि दलदल हे दोन अर्थ पुन्हा एकत्र आले. जखमांना बांधायचा कापूस कमी पडू लागला, कारण तोच कापूस स्फोटकांसाठीही लागत होता. १९१४ साली एडिंबरचे शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर यांनी स्फॅग्नमची बाजू मांडली: ते कापसापेक्षा जास्त रक्त शोषतं आणि त्याच्या आम्लामुळे जखमेत जंतू वाढत नाहीत. मग स्कॉटलंडच्या मॉसवर आणि डार्टमूरवर गावकरी, बाया, मुलं पोती भरून मॉस वेचू लागली. निवडून, वाळवून, मलमलीच्या पिशव्यांत भरून ते आघाडीवर जाई. १९१८पर्यंत ब्रिटनमधून दरमहा दहा लाखांच्या घरात अशा पट्ट्या जात होत्या.

त्याच सुमाराला मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामधल्या पेनाइन डोंगरांवरचं स्फॅग्नम मात्र मरत होतं. दोन्हीकडच्या गिरण्यांच्या आणि भट्ट्यांच्या धुराड्यांतून निघणारा गंधकाचा धूर दीडशे वर्षं त्या माथ्यांवर उतरत राहिला. पानं एका पेशीच्या जाडीची असल्याने हवेतलं विष अडवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. वणवे आणि मेंढरं यांनी उरलंसुरलं संपवलं. नकाशावर नावं तशीच राहिली: फेदरबेड मॉस, होम मॉस. १९५१ साली होम मॉसवर बीबीसीचा टेलिव्हिजन मनोरा उभा राहिला आणि उत्तर इंग्लंडच्या घरोघर ते नाव पोचलं, पण आसपासच्या टेकड्यांवर मैलोन्‌मैल उघडं काळं पीट होतं. पावसाबरोबर ते वाहून धरणांत उतरे. पीट वाहून जाणं म्हणजे त्यात साठलेला कार्बन मोकळा होणं. जगाच्या जमिनीचा सुमारे तीन टक्के भाग पीटचा, पण त्यात जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्याहून जास्त कार्बन दडलेला आहे.

२००३पासून ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ ही भागीदारी संस्था या माथ्यांवर काम करते आहे. धुराने तिथली जमीन इतकी आंबली होती की गवतही रुजेना, म्हणून आधी चक्क चुनखडी टाकावी लागली. आम्लावर जगणाऱ्या झाडाच्या स्वागताला चुना! मग गवताचं बी, ओघळींत दगडांचे आणि हेदरच्या मोळ्यांचे बांध, आणि पाणी थोपल्यावर रोपवाटिकेत वाढवलेले स्फॅग्नमचे पुंजके. ते स्वयंसेवक वाकून एकेक करून बोटाने भोकं पाडून लावतात. जिथे ते धरले आहेत तिथे पावसाचं पाणी उतरायला आता जास्त वेळ लागतो, त्यामुळे खालच्या खोऱ्यांतल्या गावांवर पुराचा लोंढा एकदम येत नाही.